दाखल क्रमांक एक

अख्ख्या पोंभुर्णा तालुक्यात मी असा एकच माणूस पाहिला, ज्याला सकाळी ‘नमस्कार सर’ म्हटलं तरी तो आधी मागे वळून बघायचा, की हा नमस्कार आपल्यालाच आहे याला आधार काय. ते आमच्या शाळेतले इतिहासाचे सर. मुलं त्यांना ‘कागदवाले सर’ म्हणत. पाठीमागे म्हणत आणि कधी कधी तोंडावरही म्हणत, कारण हे नाव कोणत्या वर्गातल्या कोणत्या मुलाने पहिल्यांदा पाडलं याचा शोध सरांनी स्वतःच लावला होता आणि निष्कर्ष वर्गात जाहीरही केला होता. त्या मुलाला शिक्षा झाली नाही. उलट ‘नाव पाडायले कारन काय’ यावर त्याच्याकडून अर्धं पान लिहून घेतलं आणि ते पान फाइलला लावलं.

मी त्या शाळेत गणित शिकवायला गेले तेव्हा जिल्हा परिषदेच्या नोकरीत नवीन होते. नवरा वीज केंद्रात, त्यामुळे राहणं ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये. सकाळी चंद्रपूरहून बस धरायची आणि सागाच्या जंगलातून डुलत डुलत पोंभुर्ण्याच्याही पुढे जायचं. पहिल्या दिवशी बोलायला काहीतरी हवं म्हणून मी सहज म्हटलं, “सर, शाळेची इमारत बरीच जुनी दिसते.” सर हातातला चहा खाली ठेवत म्हणाले, “कोनं सांगतलं, बाई?” मी म्हटलं, कोणी नाही, दिसतेच आहे. त्यावर त्यांनी मला मागच्या बाजूला नेलं, एक निसटलेलं कौल उचलून त्याच्या पोटावरचा छाप दाखवला, मग दाराच्या चौकटीवरचे रंगाचे थर नखाने खरवडून मोजायला लावले. पाच निघाले. “आता म्हना जुनी हाये म्हनून,” सर म्हणाले. परत आलो तेव्हा चहा गार झाला होता आणि माझा पहिला तास बुडाला होता.

सरांच्या वर्गाच्या भिंतीवर गेरूने चार प्रश्न लिहिलेले होते: कोनं लिवलं? कवा लिवलं? कोनासाठी लिवलं? काय लिवलं नाई? पुस्तकातला धडा असो, बाजाराची जाहिरात असो, नाही तर औषधाच्या पुडीवरची चिठ्ठी असो, या चार प्रश्नांतून कोणत्याच कागदाची सुटका नव्हती. एकदा मुख्याध्यापकांनी सुचवलं की निदान भिंतीवर तरी शुद्ध मराठी असावी. सर विचार करून म्हणाले, “सर, पन्नास वर्सानं कोनी ही भित पायली, त त्याले समजलं पायजे का इथी लोकं कसे बोलत होते. शुद्ध लिवलं त त्याची फसगत होईन.” मुख्याध्यापक सज्जन होते. त्यांनी पुढे कधी भिंतीचा विषय काढला नाही, फक्त तपासणीला कोणी येणार असलं की तिथे नकाशा टांगत.

चारही प्रश्नांत सरांचा लाडका चौथा. या प्रश्नापायी एका लग्नात त्यांनी जवळजवळ पंगत उठवली होती. पत्रिका हातात घेऊन ते वराच्या वडिलांजवळ गेले आणि अतिशय आपुलकीने म्हणाले, “भाऊ, किरपाभिलाषी मंधात सोळा नावं हायेत, पन तुमच्या लहान भावाचं नाई. काऊन?” आता दोघा भावांत बांधावरून बोलणं बंद होतं हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि सगळं गाव त्यावर पांघरूण घालून जेवायला बसलं होतं.   वराचे वडील उठले, चप्पल घालून सरळ धाकट्याच्या घरी गेले आणि अर्ध्या तासाने त्याला घेऊन आले. सर तोवर बुंदीच्या दुसऱ्या वाढीवर होते. आपण काही मोठं केलं असं त्यांना वाटलं नाही. त्यांच्या लेखी एका कागदातली गाळलेली जागा भरली गेली होती, एवढंच.

वर्ष सुरू झालं की पहिल्या आठवड्यात ते सगळ्या मुलांना घरातला सगळ्यात जुना कागद आणायला सांगत. मग काय काय यायचं. आजीच्या नावातली दोन अक्षरं खाल्लेली शिधापत्रिका, लसीकरणाचं कार्ड, तेंदूपत्ता संकलनाच्या फळीवर मिळालेलं चुरगळलेलं कार्ड, बल्लारपूरहून कागद कारखान्यातल्या मामाने पाठवलेलं पोस्टकार्ड, फोटोच्या पाठीवर पेनने लिहिलेलं ‘ताडोबा सहल’. सर एकेक कागद दोन्ही हातांनी घेत, देवळात फुलं घेतात तसे. एकदा एक लहानशी गोंड मुलगी रिकाम्या हाताने आली आणि म्हणाली, “सर, आमच्या घरी कागद नाई.” सरांनी विचारलं, “घरी सगळ्यात जुनं काय हाये?” ती म्हणाली, “आजी.” दुसऱ्या दिवशी ती आजीलाच घेऊन आली. म्हातारी खुर्चीवर बसली, हात पुढे केले, आणि मनगटापासून कोपरापर्यंतचं गोंदण वर्गाला दाखवत एकेका नक्षीचं सांगत गेली: हे कुठल्या जत्रेत गोंदलं, सुई टोचताना कोणी हात धरला होता, हे लग्नाआधीचं, हे नंतरचं. तासभर सर उभे होते. मुलांनी ती नक्षी वहीत उतरवून घेतली. जाताना सरांनी म्हातारीला विचारलं, “आजी, पोरायनं बरोबर काढलं काय, पाहून द्या.” म्हातारीने प्रत्येक वही बघितली आणि तिघांची चूक काढली.

तंटे सोडवण्याची त्यांची पद्धतही हीच. क्रिकेटच्या बॅटवरून सातवीतले दोघं मैदानात लोळून मारामारी करत होते. दुसऱ्या कोणी दोघांना दोन चापट्या देऊन विषय संपवला असता. सरांनी एकोणीस साक्षीदारांचे लेखी जबाब घेतले. मग वर्गाने ते जबाब हजेरीपटाशी ताडून पाहिले आणि निघालं असं, की डोळ्यांनी सगळं पाहिल्याचं लिहिणाऱ्यांपैकी चौघं त्या दिवशी शाळेतच नव्हते. हा शोध आठवडाभर चालला. तोपर्यंत भांडणारे दोघं त्याच बॅटने एकत्र खेळायला लागले होते आणि सर मात्र म्हणत होते, “थांबा जी, अजून निकाल लागला नाई.”

हे सगळं वाचून सर विक्षिप्त वाटतील आणि होतेच. पण त्यांच्या हाताखालची मुलं कशी तयार होत होती ते मी तपासणीच्या एका दिवशी पाहिलं. आलेले साहेब घाईत होते. दारातून वर्गात डोकावले, मान हलवली आणि कार्यालयात जाऊन शेरेबुकात लिहिलं, ‘वर्ग उत्साही. अध्यापन समाधानकारक.’ सरांनी तोच शेरा पुढच्या तासाला फळ्यावर उतरवला. साहेबांना हे कळलं आणि ते कुतूहलाने दारात येऊन उभे राहिले. तेव्हा आठवीतली प्रणाली नावाची मुलगी उभी राहिली. बौद्ध मोहल्ल्यातली, वडील मजुरीला आणि ट्रॅक्टरवर जाणारे, स्वतः इतकी कमी बोलणारी की माझ्या तासाला तिचा आवाज मी वर्षात चारदा ऐकला असेल. ती म्हणाली, “साहेब, तुमी ‘अध्यापन समाधानकारक’ लिवलं, पन तुमी त दारातूनच परत गेले. मंग हे कशावरून लिवलं?” मुख्याध्यापकांचा चेहरा उतरला. साहेब बूट काढून आत आले, शेवटच्या बाकावर बसले आणि तास संपेपर्यंत बसून राहिले. नंतर त्यांनी शेऱ्यात दोन ओळी वाढवल्या. काय वाढवलं ते सांगत नाही, पण प्रणालीने वाचून मान्य केलं.

अशा या माणसाची एक गोष्ट मात्र चार प्रश्नांच्या बाहेर होती. दर वर्षी पहिल्या तासाला ते मुलांना सांगत की या शाळेचा पहिला विद्यार्थी म्हणजे त्यांचे वडील. शाळा उघडली त्या सकाळी गुरुजी यायच्या आधीच बाबा पाटी घेऊन दारात हजर होते, गुरुजींनी पहिलं नाव त्यांचं लिहिलं, आणि तिथे ते चार वर्ग शिकले. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. हे सांगताना सरांचा आवाज जरा खाली यायचा. कागद कुठे आहे असं कोणी विचारत नसे, कारण शाळेत आलेल्या-गेलेल्या मुलांची नोंद असलेल्या दाखल-खारीज रजिस्टरचा पहिला खंड केव्हाच उधईने खाल्ला असं सगळे धरून चालले होते. दुसऱ्या खंडापासूनचं सगळं सरांच्या कपाटात मुलाबाळांसारखं जपून ठेवलेलं होतं.

शाळेला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार म्हणून गावाने अमृतमहोत्सवाची समिती नेमली. अध्यक्ष माजी सरपंच. त्यांनी ठरवलं की शाळेच्या दर्शनी भिंतीवर एक पाटी लावायची, तिच्यावर पहिल्या विद्यार्थ्याचं नाव घालायचं, आणि पाटीचं अनावरण सरांच्याच हाताने करायचं.  त्या दिवसापासून सर शर्ट इस्त्री करून यायला लागले.

महोत्सवासाठी शाळेची सफाई निघाली. पोषण आहाराच्या खोलीत तांदळाची पत्र्याची कोठी होती. मुलींनी ती सरकवली तर तिच्या एका पायाखाली पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी जाडजूड निघालं. स्वयंपाक करणाऱ्या मावशी म्हणाल्या, “कोठी डगडग करे, म्हनून माह्या पह्यले जे बाई होती, तिनं लावून ठेवलं. मी आली तवापासून हाये तिथंच.” पोतं सोडलं तर आत दाखल-खारीज रजिस्टरचा पहिला खंड. कडा कुरतडलेल्या, पुठ्ठा तांदळाच्या धुळीने पांढरा, पण अक्षर ठसठशीत. ज्या कोठीला टेकून सर वर्षानुवर्षं चहा पीत आले, तिच्याच खाली. सर त्या दिवशी बोर्डाच्या बैठकीसाठी चंद्रपूरला गेले होते. प्रणालीने ते पुस्तक पुसलं आणि वाचलं.

मधल्या सुटीत ती माझ्याकडे आली. पुस्तक छातीशी धरलेलं. म्हणाली, “बाई, एक गोष्ट विचारू काय? सरले सांगू का नको सांगू?” तिने पहिलं पान उघडलं. दाखल क्रमांक एकपुढे नाव होतं लहानू. जातीच्या रकान्यात तिच्या मोहल्ल्याची जुनी जात, जी तिच्या पणजोबांनी धर्म बदलताना मागे टाकली होती. शेवटच्या शेऱ्याच्या रकान्यात तीन शब्द: ‘ओसरीत बसतो. हुशार.’ सरांच्या वडिलांचं नाव होतं चौदाव्या क्रमांकावर. दाखल झाले शाळा उघडल्यावर चार महिन्यांनी आणि सोडून गेले त्यानंतर सहा आठवड्यांनी. सोडण्याचं कारण, ‘गुरे राखणे’.

मी तिला काय सांगितलं ते कबूल करायला हवं. मी म्हटलं, “आत्ता राहू दे प्रणाली. कार्यक्रम होऊन जाऊ दे, मग बघू.” मला सरांचा तो इस्त्रीचा शर्ट आठवत होता.  ती म्हणाली, “पन बाई, पाटी त लागून जाईन ना. मंग तेच खरं होईन.” 

दुसऱ्या दिवशी सर वर्गात आले तेव्हा पुस्तक त्यांच्या टेबलावर होतं. मी शेजारच्या वर्गात होते आणि मधली भिंत छतापर्यंत पोचत नव्हती, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. प्रणाली म्हणाली, “सर, पह्यला खंड भेटला. मी वाचला.”  पानं उलटल्याचा आवाज.  बऱ्याच वेळाने सरांचा आवाज आला, “बरोबर वाचलं तू. अक्षर गुरुजीचं हाये. खाडाखोड नाई.” नंतर ते म्हणाले, “आज एवढंच,” आणि तास संपायला वीस मिनिटं असताना बाहेर निघून गेले.

पुढचे दोन दिवस सर शाळेत आले नाहीत. इतक्या वर्षांत त्यांची अशी रजा कोणी पाहिली नव्हती. प्रणाली रोज दाराकडे बघत बसायची. माझ्याकडे आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. “मीनं चूक केली काय बाई?” मी नाही म्हटलं, पण माझ्या आवाजात तेवढा जोर नव्हता.

तिसऱ्या दिवशी सर आले. शर्ट चुरगळलेला, हातात वही. ते रजा घेऊन मूल शहराजवळच्या एका खेड्यात आपल्या आत्याकडे गेले होते. आत्या म्हणजे वडिलांची मोठी बहीण, पंच्याऐंशीच्या घरातली. त्यांनी मला आणि मुख्याध्यापकांनाही वर्गात बोलावलं, मागे बसवलं आणि शिकवायला सुरुवात केली. “आजचा धडा माहा बाप,” ते म्हणाले. “तो खोटं बोलला काय, हे आपल्याले ठरवाचं हाये. घाई कराची नाई.”

आत्याचं बोलणं त्यांनी वहीतून जसंच्या तसं वाचून दाखवलं. आत्या म्हणाली होती, “त्याले कुठी शाळेत टाकलं होतं बापा? ढोरं कोन राखन? सहा हप्ते गेला अन् बाबानं काढून आनला. मंग तो ढोरं घेऊन नाल्यावर जाये. त्या मोहल्ल्यातला लहानू शाळा सुटली का तिथंच ढोरं घेऊन ये. तो याले रेतीवर अक्षरं काढून दाखवे. मीनं माह्या डोयानं पायलं. घरी सांगू नको म्हने, मार भेटन. लहानू हुशार होता. मोठा झाल्यावर हा सांगे का मी शाळेत शिकलो, पह्यला नंबर माहा. आमी हो म्हनो. काऊन दुखवाचं?”

 सरांनी वही मिटली. “हे आत्याचं म्हननं हाये,” ते म्हणाले, “याले दुसरा पुरावा अजून नाई. तवा आत्या दहा वर्साची होती. हे धेनात ठेवा.” मग त्यांनी भिंतीवरच्या चौथ्या ओळीकडे बोट केलं. “माह्या बापानं मले सगळं सांगतलं, पन एक नाव सांगतलं नाई. काऊन नसन सांगतलं?”  सर पुढे म्हणाले, “शेऱ्यात लिवलं हाये, ओसरीत बसतो. पोरगा हुशार हाये, त ओसरीत काऊन?” बाकीची मुलं एकमेकांकडे बघू लागली. प्रणाली उभी राहिली. “सर, माह्या आजोबाले पन ओसरीतच बसवत. पान्याच्या झडीत पन. आजी सांगते.” सरांनी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं: साक्ष, प्रणालीची आजी. मग त्याखाली लिहिलं: साक्ष, आत्या. आणि त्याखाली स्वतःच्या वडिलांचं नाव लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं.  मुलांनी त्या दिवशी लिहिलेली उत्तरं मी नंतर वाचली. एकाने लिहिलं होतं, ‘सरांचे बाबा खोटे बोलले पण त्यांना शाळा आवडत होती म्हणून बोलले.’ सरांनी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले होते. माझ्या माहितीत असं त्यांनी एकदाच केलं.

समितीत मात्र एवढं सोपं गेलं नाही. पाटी रंगून आली होती. माजी सरपंच म्हणाले, “सर, जुन्या गोष्टी कायले उकरून काढता? अन् हे कोनं शोधलं? त्याच मोहल्ल्यातल्या पोरीनं.” सरांनी आवाज चढवला नाही. रजिस्टर त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, “भाऊ, पोरीचं सोडा. तुमी वाचा.” माजी सरपंचांनी चष्मा लावला आणि वाचायला लागले. पहिलं नाव वाचून कपाळाला आठ्या पडल्या. खाली वाचत गेले. सहाव्या नावावर बोट थांबलं. “हा त माहा मोठा काका,” ते म्हणाले, “लहानपनीच गेला. घरी त्याचा फोटो पन नाई.”  मग सर म्हणाले, “एकाच नावाची पाटी नका लावू. पह्यल्या वर्साचे सगळेच नावं लिवा. ज्या नंबरनं आले त्या नंबरनं.” सगळी मिळून तेवीस नावं होती. पेंटरने रंगलेली पाटी घासून पुन्हा रंगवली आणि वर एवढंच लिहिलं, ‘या शाळेचे पहिले विद्यार्थी’.

लहानूचं पुढे काय झालं ते रजिस्टरात एका ओळीत होतं. चार वर्ग पास, मग ‘गाव सोडून बल्लारपुरास गेला’. सर तीन रविवार बल्लारपूरला जाऊन कामगार वस्त्यांतून फिरले. कागदांची पिशवी घेऊन दारोदार नावं विचारणारा माणूस बघून लोकांना ते विम्याचे एजंट वाटत. दोन ठिकाणी त्यांना पॉलिसी आधीच काढली असल्याचं सांगून दार लावण्यात आलं. तिसऱ्या रविवारी एका निवृत्त कामगाराने घर दाखवलं. लहानूभाऊ वारले होते, पण त्यांची मुलगी होती, साठीकडे झुकलेली.

महोत्सवाच्या दिवशी ती मुलाच्या मोटारसायकलवर बसून आली. पांढरी साडी, हातात छोटी पिशवी. ती पाटी बघायच्या आधी सरांनी तिला वर्गात नेलं आणि रजिस्टर पुढे ठेवलं. तिने नावावरून बोट फिरवलं, मग शेऱ्याच्या रकान्यावरून. “बाबा कारखान्यात कोनाचंही पत्र वाचून देत,” ती म्हणाली. “चार वर्ग झाले होते हे मालूम होतं. पन शाळेचं कधी बोलत नव्हते. गावाचंच बोलत नव्हते.” सरांनी विचारलं, “नाल्यावर ढोरं चारत, त्याचं कधी सांगतलं काय? सोबत एक पोरगा होता म्हनून?” मी सरांच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिने आठवून पाहिलं. “ढोराचं सांगत. मास्तर मास्तर खेळत असं सांगत. पन कोनासंगं, ते नाई.” सरांनी हे वहीत लिहून घेतलं. पूर्ण पुरावा नव्हता, अर्धा होता. त्यांनी पेनचं टोपण लावलं आणि मग, मी त्यांना असं करताना कधी पाहिलं नव्हतं, वाकून तिच्या पायांना हात लावला. ती दचकून मागे सरली. “हे काऊन सर?” सर म्हणाले, “अर्ध्यासाठी.”

अनावरण तिच्या आणि माजी सरपंचांच्या हाताने झालं. सर गर्दीत मागे उभे होते, शेजारी प्रणाली. पुढच्या वर्षी जूनमध्ये पहिल्या तासाला सरांनी नवीन मुलांना वडिलांची गोष्ट पुन्हा सांगितली, या वेळी सगळी सांगितली, आणि आवाज खाली आला नाही.

आता सर निवृत्त झाले आहेत. प्रणाली चंद्रपूरला अकरावीत आहे. सुट्टीत येते तेव्हा मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांजवळ वही घेऊन बसते आणि तिच्या आईची तक्रार असते की पोरगी घरातलं एक काम करत नाही. सरांचं कपाट माझ्या ताब्यात आलं आहे. आठवीची मुलं मला गणिताच्या तासालाही ‘हे कशावरून’ असं विचारतात, आणि मला सिद्धता फळ्यावर पूर्ण मांडावी लागते, पूर्वी मी दोन पायऱ्या गाळायचे. वर्गात सर नाहीत याची सवय मला अजून झालेली नाही. मधल्या सुटीत चहा वेळेवर गरम मिळतो आणि तो तितकासा गोड लागत नाही.

मागच्या महिन्यात पोंभुर्ण्याच्या बसथांब्यावर ते मला दिसले. पलीकडच्या शेडखाली बाकावर बसले होते. शेजारी डोक्यावर मोहफुलांची टोपली घेऊन आलेली एक म्हातारी, टोपली आता पायाशी ठेवलेली. ती हातवारे करत काहीतरी सांगत होती, जंगलातल्या कुठल्या तरी वाटेचं असावं, आणि सर मान वाकवून, कान तिच्याकडे करून ऐकत होते. हाक मारावी म्हणून मी पुढे झाले आणि थांबले. त्यांची बस आली. कंडक्टरने दोनदा गावाचं नाव पुकारलं, दार वाजवलं. म्हातारी बोलत राहिली, सर ऐकत राहिले, आणि बस धुरळा उडवत सागाच्या वळणापलीकडे निघून गेली.